नॉर्मलकाका

रक्त तपासायच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करणाऱ्या या माणसाला सगळे नॉर्मलकाका म्हणायचे. म्हणणारच! भाजी कशी झालीय? नॉर्मल. झोप लागली का? नॉर्मल. सुनेने हौसेने नवे पडदे लावून विचारलं, "बाबा, कसे दिसतात?" तर हे म्हणाले, "नॉर्मल." बिचारीचं तोंड एवढंसं झालं. रिपोर्ट न्यायला आलेल्या कुणी "नॉर्मल म्हणजे नक्की काय हो?" असं विचारलं, की काका खेकसायचे, "म्हणजे काहीही झालेलं नाही. घरी जा!"

त्या दिवशी मात्र काकांचा पाय एका जागी ठरेना. सकाळी बायकोचं रक्त दिलं होतं. तीन महिन्यांत ती निम्मी झाली होती, आणि डॉक्टरांनी रक्ताच्या नको त्या दुखण्याची शंका बोलून दाखवली होती. अकरा वाजता काकांनी तपासणीच्या खोलीत डोकावून विचारलं, "ताई, आमच्या हिचं झालं का?"

ताई मान वर न करता म्हणाल्या, "मघाशीच दिलं की काका. तुम्हीच टाइप केलंत."

काका गारच पडले. त्यांची पद्धतच तशी. ओळ चुकू नये म्हणून ताईंच्या कागदावर पट्टी ठेवायची आणि आकडे तेवढे उतरवायचे. नाव आधीच कुणीतरी भरलेलं असायचं, तिकडे बघायचंच नाही. घरच्या माणसाचा रिपोर्ट हातावेगळा केला आणि त्या मेल्या बोटांना पत्ता नाही!

संगणकावर उघडून बघता आलं असतं, पण हात धजेना. काका तीनदा पाणी प्यायले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. सकाळचे आकडे आठवून बघितले, एकही आठवेना.

बारा वाजता बायको आली, बाकावर बसली. "अहो, आला का रिपोर्ट?"

आता पळवाट नव्हती. काकांनी सही झालेल्या रिपोर्टचं पाकीट फोडलं. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार हव्यात. समोर होतं एकोणनव्वद हजार.

काका धावतच ताईंकडे गेले. "ताई, माझी चूक झालीय बघा! एक शून्य जास्त पडलंय. मूळ कागद काढा, लवकर काढा हो!"

ताईंनी कागद काढून पुढे धरला. काकांनी पट्टी न ठेवता, बोट ठेवून आकडा मोजला. शून्यं तितकीच होती. बावीस वर्षांत त्यांनी एक आकडा चुकवला नव्हता, आणि आजही चुकवला नव्हता.