मागे आवाज आहे

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची उभी हयात गेली. तिथे सगळे तिला 'कानवाली' म्हणायचे आणि तीही ते बिरुद मिरवायची. लाइनवर खरखर आली की ती सांगायची, हा तारेतला दोष नाही, पलीकडचा माणूस रिसीव्हर दाढीला घासतोय. नुसत्या 'हॅलो'वरून तिला माणूस ओळखू यायचा; त्याचं घरी भांडण झालंय का, हेही बहुतेकदा कळायचं. त्यामुळे निवृत्तीनंतर ती अंध वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायला लागली, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

मागच्या खोलीत तिने टेबल मांडलं. त्यावर लॅपटॉप, माइक आणि मान वाकवता येणारा एक नवाकोरा दिवा. नवऱ्याच्या दुपारच्या झोपेची उचलबांगडी झाली ती बैठकीतल्या सोफ्यावर. एका जाडजूड कादंबरीची पहिली काही प्रकरणं तिने जीव ओतून वाचली आणि ग्रंथालयाला पाठवली. प्रकरणं परत आली. रेकॉर्डिंग तपासणाऱ्या गृहस्थांनी कळवलं होतं, "वाचन उत्तम. मागे आवाज आहे."

"आवाज? माझ्या रेकॉर्डिंगमध्ये?" ती नवऱ्याला म्हणाली, जणू त्यानेच तो घातला होता.

मग ती हात धुऊन त्या आवाजाच्या मागे लागली. पंखा बंद झाला. भिंतीवरच्या घड्याळाची रवानगी न्हाणीघरात झाली. खिडकीला गोधड्या लागल्या. फ्रिजची घरघर भिंतीतून येते असं वाटून तिने फ्रिज बंद केला आणि चालू करायची विसरली. दूध नासलं.

"अगं, मी निदान श्वास घेऊ का?" नवऱ्याने विचारलं.

"घ्या, पण हळू."

घामाने निथळत तिने सगळी प्रकरणं पुन्हा वाचली. शेरा पुन्हा तोच.

आता मात्र तिचं डोकं फिरलं. तिने हेडफोन चढवले, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला आणि डोळे मिटून ऐकलं. स्वतःचा श्वास ऐकू आला, पान उलटल्याचं ऐकू आलं, एका ठिकाणी आवंढा गिळल्याचंसुद्धा. बाकी काही म्हणजे काही नाही. तिने तडक ग्रंथालयात फोन लावला.

"आवाज कसला आहे, ते तरी सांगा."

"बारीक शिट्टी आहे, बाई," तपासणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले. "कानाशी डास असावा तशी. पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत."

"मी जन्मभर ऐकायचंच काम केलंय. अशी शिट्टी असती तर मला आली असती ऐकू. तुमच्याच यंत्रात असेल."

"असू शकेल," ते म्हणाले. "पण बाकीच्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये येत नाही."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ धुसफुसत होती. हे गृहस्थ स्वतः अंध. दिवसभर ऐकून ऐकून त्यांचेच कान वाजत असणार, असं तिने नवऱ्याला पटवून दिलं. त्याला पटलं, कारण न पटून सांगतो कुणाला.

त्याच आठवड्यात सून राहायला आली. सासूबाईंना हाक मारायला ती मागच्या खोलीत डोकावली आणि दारातच थबकली.

"आई, हे काय वाजतंय?"

"कुठे काय वाजतंय?"

"शिट्टीसारखं. डोकं उठेल अशानं. तुम्ही बसता कशा इथे?"

सून टेबलाभोवती फिरली, वाकली आणि तिने दिव्याचं बटण दाबलं. "गेली." पुन्हा दाबलं. "आली."

कानवालीने दिव्याला जवळजवळ कान टेकवला. सून बटण दाबत राहिली, उजेड येत-जात राहिला. कानवालीला काहीच ऐकू येत नव्हतं. नवऱ्याला बोलावलं, त्यालाही नाही. पण त्याचं काय, त्याला दाराची घंटाही ऐकू येत नव्हती.

"बंद कर ते," ती सुनेला म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासायला लागली.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेलेत, वयानुसार होतं. "वयानुसार म्हणजे काय?" ती रिक्षात बसल्यावर तणतणली. "मला कुणी सांगायचं की नाही? कधी गेले ते?"

तपासणाऱ्या गृहस्थांना तिने फोन केला. यंत्रातल्या दोषाचे शब्द मागे घेतले, तेही जरा घुश्शातच. ते म्हणाले, "शिट्टी मी इथे पुसून टाकू शकतो. फक्त तुमचे स, श थोडे बोथट होतील."

"नको. मी परत वाचते."

"सगळं?"

"सगळं."

आता ती दिव्याशिवाय, गोधड्या काढलेल्या खिडकीपाशी, दुपारच्या उजेडात वाचते. प्रकरण झालं की आधी सुनेला पाठवते आणि तिच्या होकाराची वाट बघत बसते. ही वाट बघणं तिला मनापासून आवडत नाही. सुनेचा निरोप येतो, "आई, स्वच्छ आहे." ती लॅपटॉप मिटते आणि नवऱ्याला म्हणते, "हिला काय विचारायचं, मला माहीतच होतं."