हळदीत वाजलेली गोळी

माझ्या मामाची बंदूक आजवर एकदाच वाजली, आणि तीही माझ्या तोंडातून.

मामा मिलिटरीतून रिटायर होऊन बोईसरला एका कंपनीत गनमॅन लागला. अकरावीपासून मी जवळच सालवडला त्याच्याच खोलीत राहतो. रिव्हॉल्व्हर त्याचं स्वतःचं, लायसन्सही स्वतःचं. लायसन्स गेलं की नोकरी गेली, इतकं सरळ. म्हणून घरात देवाला एक उदबत्ती मिळते आणि लायसन्सला दोन प्लास्टिकची कव्हरं, वरून रबर.

रिव्हॉल्व्हर कायम शर्टाच्या आत. कुणाला दाखवायचं नाही, दारूला शिवायचं नाही, भांडणात थांबायचं नाही. रिक्षावाल्याने आईवरून शिवी दिली तरी मामा "बरं" म्हणून चालायला लागतो.

"बंदूकवाल्याने शिवी खाऊन घरी यायचं," तो मला सांगायचा. "मारामारी ज्याच्याकडे काही नसतं त्याला परवडते."

हे वाक्य मी त्याच्या आवाजात इतकं छान म्हणतो की मामी आतून "आले का हो?" विचारते.

त्या दिवशी शेजारच्या नवापूरला माझ्या मित्राच्या बहिणीची हळद होती. मित्राची आई मामीला रोज मासे देते, म्हणून मामी दुपारपासूनच तिकडे. मामा ड्युटी संपवून खोलीवर आला, तर कपाटाची चावी मामीच्या पर्समध्ये. रिव्हॉल्व्हर ठेवायचं त्याच कपाटात. उघड्यावर ठेवणं मामाला जमेना. म्हणून ते कमरेला तसंच ठेवून तो चावी आणायला नवापूरला आला. फक्त चावी आणायला.

हळदीच्या मांडवात फक्त काहीतरी आणायला आलेला माणूस आजवर परत गेलेला नाही. मामाच्या गालाला हळद लागली, हातात बुंदीची प्लेट आली आणि नवरीच्या काकाने त्याला ओढून नाचायला घेतलं. हात वर झाले, शर्ट वर गेला, रिव्हॉल्व्हरचं कव्हर दिसलं.

"अरे, मामाच्या कमरला बंदूक हाय!" काकाने बेंजोवाल्यांच्या वर आवाज काढून सगळ्या मांडवाला कळवलं.

बेंजोच्या दोन गाण्यांमध्ये नकला करायला माइक माझ्याकडे होता. आमच्या हेडसरांचं खाकरणं झालं होतं, एसटीचा ब्रेक झाला होता, कंपनीचा भोंगा झाला होता. पब्लिक माझ्या हातात होती. मी म्हटलं, "आता मामाची बंदूक!" पण ते बेंजोत कुणाला ऐकूच गेलं नाही. मग मी आवाज काढला. माइकला इको होता.

मांडव रिकामा झाला. नवरी पाट डोक्यावर धरून पळाली. मामा बुंदीची प्लेट धरून एकटाच मधोमध उभा. पोलीस आले तेव्हा तो तसाच उभा होता.

"मामान मारली. आमी आयकली," नवरीची आजी म्हणाली. "वर मारली, पन मारली."

"आजी, तो आवाज मी काढला."

"तू गप रं. तुला बंदूक कोन देईल?"

पोलीस ठाण्यात साहेबांनी लायसन्स मागितलं. रबर आणि दोन कव्हरं काढेपर्यंत साहेबांचा चहा पिऊन झाला. मग त्यांनी रिव्हॉल्व्हर उघडलं. गोळ्या सहा. लायसन्सवर नोंद सहाचीच. नळीचा वास घेतला, आत पांढरी चिंधी फिरवली. चिंधी पांढरीच.

"मग आवाज कुठून आला?"

"माझ्या तोंडातून, साहेब," मी म्हणालो.

"काढ."

मी काढला. माइक नाही, इको नाही, घसा कोरडा. कुकरची अर्धी शिट्टी झाली. साहेबांनी मामाकडे बघितलं. मामाने लायसन्सकडे बघितलं. त्याने रिकाम्या कव्हरांवर रबर चढवलं, काढलं, परत चढवलं, आणि पहिल्यांदाच त्याची नक्कल करावी असं मला वाटलं नाही.

कोपऱ्यात पाण्याचं रिकामं पिंप होतं. "साहेब, एकदा यात काढू?" विचारलं आणि डोकं आत घातलं.

बाजूच्या खोलीतून दोन हवालदार काठ्या घेऊन धावत आले. एकजण टेबलाखाली बघत होता.

"गोळी सुटली नाही हे सिद्ध झालं," साहेब म्हणाले. मामाने लायसन्स उचलायला हात पुढे केला. "आता दुसरं. भरलेलं हत्यार लग्नाच्या गर्दीत नेता येत नाही. माहीत आहे?"

"माहीत आहे, साहेब. चावी मंडळींकडे होती. उघडं कसं ठेवणार?"

"ठेवू नकाच. पण बंदुकीच्या कपाटाची चावी दुसऱ्याकडे गेलीच कशी? लायसन्सवर नाव तुमचं आहे, मंडळींचं नाही."

सगळ्यांना नियम सांगणारा मामा "चुकलं, साहेब" म्हणाला. रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा झालं, लायसन्सबद्दल वर रिपोर्ट गेला. मला साहेबांनी दोन पानी माफीनामा लिहायला लावला आणि शुद्धलेखन तपासलं.

तीन महिने निर्णय आला नाही. तोपर्यंत कंपनीने मामाला गेटवर उभं केलं, शिट्टी देऊन. मग लेखी ताकीद मिळाली, लायसन्स वाचलं, रिव्हॉल्व्हर परत आलं. आता कपाटाची चावी मामाच्या जानव्याला असते. मामीला साडी काढायची असली की मामाला वाकून कपाटाजवळ उभं राहावं लागतं.

गेटवरच्या त्या शिट्टीचा आवाज मला हुबेहूब जमतो. घरात अजून काढलेला नाही.