दाजी सारंगाने दोर का कापला नाही

आमच्या टगवरची, म्हणजे मालाच्या बोटी ओढणाऱ्या आगबोटीवरची माणसं कुठेही भेटोत, लग्नात नाहीतर बाराव्याला, गप्पा फिरून त्या टगवरच येतात. बुडून इतकी वर्षं झाली, पण किस्से काही संपत नाहीत! चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. सगळ्यांकडे डिझेल आलं होतं, आमची मात्र अजून कोळसा खायची. आणि तो घालायचो मी!

\*

आम्ही मालवण बंदरात शिरलो की धुराच्या भीतीने बायका वाळत घातलेले कपडे उचलायला धावायच्या. "इली गो इली, काळतोंडी इली!"

\*

दाजी आमचा सारंग, म्हणजे टगचा कप्तान. मागे दोराने बांधलेल्या मालाच्या बार्जवर त्याचा चुलत भाऊ बाबलो, एकटाच. बांधावरच्या फणसावरून दोघांचं बोलणं बंद! निरोप्या मी.

"तेका सांग, दोर सैल कर."

"तेका सांग, केलंय!"

\*

मे संपता संपता कौलं भरून विजयदुर्गहून निघालो आणि देवगडच्या पुढे वादळाने गाठलं. लाटा डोक्यावरून जात होत्या. दाजीने सुकाणू न सोडता गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांका सुखरूप बंदराक लाव!"

"होय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

मागून बार्जवरूनही आलं, "होय म्हाराजा!" देवाशी कुठे भांडण होतं त्याचं!

\*

बार्ज पाण्याने भरू लागली, टगलाही खाली ओढू लागली. इंजिनचा ड्रायव्हर कोयता घेऊन दोर कापायला उभा. दाजी खेकसला, "हात लावशीत तर बघ!" आणि टग वळवून त्याने थेट बार्जला भिडवली.

"तेका सांग, उडी मार!"

मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. बाबलो म्हणतो कसा, "तेका सांग, माका ऐकाक येता!" मग मारली उडी.

पण आपटून टग फुटली ती फुटलीच. आम्ही कसेबसे होडीत उतरलो. आधी बार्ज गेली, मागोमाग टग. मी ढसाढसा रडलो. आमचा आचारी भाताचं टोप मांडीवर घेऊन बसलेला. म्हणाला, "मागसून रड, आधी जेव!"

\*

मग चौकशी लागली. दाजीचं लायसन जाणार हे सगळे धरूनच चाललेले, आणि घरात तो एकटाच मिळवता. ते लायसन वाचलं दाजीच्या एका उत्तरावर.

मुंबईहून आलेल्या साहेबांनी विचारलं, "दोर कापला असता तर टग वाचली असती. वेळही होता. का नाही कापलात?"

बाबलो मागच्या बाकावर बसलेला. दाजीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"साहेब, आमचा दोघांचा बोलणा नाय. दोर कापलो आसतो तर तेका वाटला आसता, रागान कापल्यान!"