साहेबांचा हात

त्याचं नाव मी विचारलं नाही. काकांच्या दहाव्याला प्रवरेच्या घाटावर तो मंत्रिसाहेबांच्या मागे उभा होता. आमच्याकडे दहाव्याला पुढारी आला नाही, तर मेलेल्या माणसाचीच किंमत कमी होते. म्हणून महाराजांचं प्रवचन मध्येच थांबवून आम्ही माईक साहेबांना दिला.

साहेबांना उभं त्यानेच केलं. एक हात त्यांच्या पाठीला, दुसऱ्या हातात रुमाल. ओठांच्या कडेला लाळ आली की हळूच टिपायचा आणि काही झालंच नाही असा चेहरा करायचा. काकांचं नाव त्याने साहेबांच्या कानात दोनदा सांगितलं.

साहेब म्हणाले, "दोघांचा संसार सुखाचा होवो."

कोणी हसलं नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. सूत्रसंचालकाने साहेबांचे आभार मानले.

गाडीपाशी मी त्या माणसाला म्हणालो, "अहो, आता तरी त्यांना घरी बसू द्या. एवढं मोठं खातं सांभाळतात कसं?"

"खातं आमी सांभाळतो," तो शांतपणे म्हणाला. "साहेब घरी बसले तर उद्या मला चहा कोन इचारील? आन तुमी तरी त्यांना बोलवायचं कुठं सोडलंय?"

तेवढ्यात काकांचा मुलगा साहेबांच्या पाया पडायला वाकला. साहेब नदीकडे बघत होते. त्या माणसाने त्यांचा हात मनगटाला धरून उचलला आणि माझ्या या चुलतभावाच्या मुंडण केलेल्या डोक्यावर ठेवला, आणि फोटोग्राफरने फोटो काढला.

तो फोटो आता काकांच्या फोटोपेक्षा मोठा करून घरात लावलाय.