पाण्यात कचरा होता

अवकाशात राहणारी माणसं स्वतःचा घाम आणि लघवी शुद्ध करून पुन्हा पितात, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अवकाश आलंच नाही. आमचे शाळेतले विज्ञानाचे सर आले. हातात ग्लास धरलेले, आणि ग्लासात ते पाणी. मला इतका आनंद झाला की प्रयोगशाळेत मी एकटीच हसत बसले.

मी पाणी तपासते. विहिरींचं, टँकरचं, सोसायट्यांच्या टाक्यांचं, विंचूरकडच्या वाइन कारखान्यांतलं सांडपाणी, जे बाटलीत भरून येईल ते. या विषयाकडे कशी वळलीस म्हणून लोक विचारतात, तेव्हा मी पर्यावरण वगैरे सांगते. खरं कारण डूख आहे.

आमची शाळा द्वारका चौकापासून चालत दहा मिनिटांवर. सातवी-आठवीला हे सर आमचे वर्गशिक्षक होते. त्यांच्या टेबलावर तांब्या-भांडं असायचं आणि तो तांब्या रोज हजेरीपटाच्या क्रमाने एकेकाने भरून आणायचा, अशी पाळी होती. माझा नंबर आला की सर म्हणायचे, "तू राहू दे. तू फळा पूस. तुझं अक्षर चांगलं आहे, तारीख-वार तूच लिही." मग पुढच्या नंबरची मुलगी तांब्या घेऊन नळावर जायची.

मी खूश होते. पाणी काय, कोणीही आणतं. फळा सगळ्यांना मिळत नाही. चवड्यांवर उभी राहून मी अगदी कोपऱ्यांपर्यंत पुसायचे. घरी येईपर्यंत गणवेशाची निळी बाही कोपरापर्यंत पांढरी झालेली असायची. एकदा मी हे आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती कपडे धूत होती. तिने विचारलं, "पाणी कधीच सांगत नाहीत का गं तुला?" मी म्हटलं, कधीच नाही. तिने माझी बाही हातात घेतली, साबण लावला आणि घासत राहिली. आमची कॉलनी बौद्धांची, आणि आडनाव हजेरीपटात होतंच. आईला त्या क्षणी कळलं होतं. मला कळायला आणखी वर्ष गेलं.

आठवीत दिवाळीच्या आधी एके दिवशी पाळीची मुलगी आली नव्हती. तांब्या रिकामा, सर अजून यायचे होते. मी आपण होऊन उठले, तांब्या दोनदा विसळला, काठोकाठ भरून आणला. सर आले, तांब्या उचलला आणि विचारलं, "कोणी भरलं?" मी उभी राहिले. त्यांनी तांब्या खाली ठेवला. ते कधी ओरडत नसत. शांतपणे म्हणाले, "पाण्यात कचरा दिसतोय." मग दुसऱ्या मुलीला सांगितलं, ओतून ये, चांगला घासून आण. ती माझ्या बाकाजवळून गेली तेव्हा मी आत वाकून पाहिलं. तांब्याच्या तळाचा ठोका न् ठोका दिसत होता.

त्यानंतर सरांनी धडा शिकवला. ऊर्ध्वपातन. पाण्याची वाफ करायची, वाफ थंड करून पुन्हा पाणी करायचं, अशुद्धी मागे राहते. ती व्याख्या मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

पाण्यात कचरा आहे की नाही, हे आज मी दशलक्षातल्या एका भागापर्यंत सांगू शकते. तेव्हा तोंडातून शब्द फुटला नव्हता.

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. त्या नव्या, वयाने माझ्याहून लहान, त्यांना यातलं काहीच माहीत असायचं कारण नव्हतं. आपली माणसं आपल्याच यानातून वर जायची तयारी चालू आहे, मुलं त्या विषयाने झपाटली आहेत, म्हणून विज्ञान प्रदर्शनात मी अवकाशातल्या पाण्यावर बोलावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी आढेवेढे घेणार होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "उद्घाटनाला तुमच्या वेळचे विज्ञानाचे सर येताहेत." मी लगेच हो म्हटलं.

माझा बेत असा होता. शाळेच्या संगणक कक्षात बारा महिने एसी चालू असतो. खोलीत बसलेल्या माणसांचा श्वास आणि घाम यांची वाफ हवेत जाते, एसीच्या थंड नळ्यांवर ती जमते आणि पाणी होऊन बाहेर ठिबकते. अवकाश स्थानकात नेमकं हेच करतात, फक्त ते ठिबकू देत नाहीत, जपून ठेवतात. मी आठवडाभर ते पाणी गोळा केलं. त्यात सगळ्या शाळेचा श्वास होता. आमच्या कॉलनीतली मुलंही त्याच शाळेत जातात, तेव्हा त्यांचाही होता. मग मी ते काचेच्या उपकरणात उकळून थंड केलं, सक्रिय कार्बनमधून आणि क्षार शोषून घेणाऱ्या रेझिनमधून गाळलं, जंतुनाशक दिव्याखाली धरलं. सगळ्या चाचण्या केल्या. नळाला येतं त्याहून ते स्वच्छ होतं. ते सरांना पाजायचं, ग्लास रिकामा होऊ द्यायचा, आणि मग सांगायचं की त्यात काय होतं.

हे मी आईला सांगितलं. आई आता पंचाहत्तरीची आहे आणि माझ्याकडेच असते. मला वाटलं, जुनं उगाळू नकोस म्हणेल.

ती म्हणाली, "न सांगता पाजणार?"

"हो."

"मग त्यांच्यात न् तुझ्यात काय फरक? त्यांनी तुला सांगितलं नव्हतं. तू सांगून पाज. समजून-उमजून प्याले तर प्याले म्हणायचं."

मला ते पटलं. चांगुलपणा म्हणून नाही. न कळता ते प्यायले असते तर मला फक्त फसवल्याचं सुख मिळालं असतं. मला त्याहून जास्त हवं होतं. त्यांना आठवतं का, ते मला पाहायचं होतं.

सभागृहात प्रोजेक्टर होता, पण मी फळा मागून घेतला. सकाळी लवकर जाऊन रंगीत खडूंनी सगळी आकृती काढली. सर आले. ऐंशीच्या पुढचे, पण ताठ. पांढरा सदरा, त्यावर गडद निळं जाकीट. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "अक्षरावरून ओळखलं बाळ तुला." क्षणभर मी विरघळले. तीच सातवीतली मुलगी, तेच कौतुक. मग मला स्वतःचाच भयंकर राग आला.

मी बोलायला लागले. मुलांना सांगितलं की पाणी जड असतं आणि वर नेलेला प्रत्येक लिटर अग्निबाणालाच उचलावा लागतो. महिनोन् महिने राहायचं तर सगळं पाणी खालून नेणं परवडत नाही, म्हणून आहे तेच पुन्हा पुन्हा वापरायचं. तिथे नुसतं उकळून भागत नाही. आपल्याकडे वाफ वर जाते, पाणी खाली राहतं. तिथे वर-खाली असं काही नसतं, वाफ आणि पाणी एकमेकांत मिसळून तरंगत राहतात. म्हणून लघवी एका पिंपात घालून पिंप गरगर फिरवतात. पाणी कडेला चिकटून राहतं आणि मधली वाफ ओढून घेता येते. हवेतून मिळालेला घामही मग त्यात मिळवतात. पुढे गाळण्या, पुढे एक तापलेली नळी, जिच्यात उरलासुरला वास जाळून टाकतात. दर टप्प्यावर तपासणी. लघवीचा शब्द आला तशी मुलं "ईऽऽ" करून ओरडली. मी त्यांना ओरडू दिलं.

मग म्हटलं, "यानात चार-पाच जण असतात. काल कोणाच्या अंगातून निघालेलं पाणी आज कोणाच्या ग्लासात आलं, हे कोणालाच सांगता येत नाही. ज्याला दुसऱ्याचं पाणी चालत नाही, त्याला वर नेत नाहीत." हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही. ते मी घरून तयार करून आणलं होतं.

मी तीन ग्लास भरले आणि ते पाणी कुठून आणलं, त्यात कोणाकोणाचा श्वास आहे, सगळं सांगितलं. एक बाईंपुढे ठेवला, एक सरांपुढे, एक माझ्यासाठी. मुलांना द्यायचं नव्हतं, ते आधीच ठरलं होतं. बाई हसत हसत प्यायल्या आणि म्हणाल्या, "अगदी साधं पाणी लागतंय हो."

सरांनी ग्लासाला हात लावला नाही. पिशवीतून स्टीलची बाटली काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टरांनी घरचंच पाणी सांगितलंय."

"यात कचरा नाही, सर," मी म्हटलं आणि तपासणीचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. रकान्यावरून बोट फिरवत, एकेक आकडा. शेवटी घडी घातली. "उत्तम काम आहे. पण राहू दे."

तेच दोन शब्द. पुढचं मी ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप तोंडातून गेलं. "हरकत नाही. मग तुम्ही फळा पुसा, सर. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मुलं खळखळून हसली. त्यांना वाटलं, गंमत चाललीय. बाईही हसल्या. सर हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मला दिसलं की त्यांना आठवतंय. तांब्या, पाळी, सगळं. एवढ्या वर्षांत मला वाटायचं की निदान विसरले तरी असतील. ते विसरले नव्हते.

त्यांना हसून सोडून देता आलं असतं. एक घोट घेता आला असता, समोरच होता. त्यांनी टेबलावर दोन्ही तळवे टेकले, उठले आणि डस्टर उचललं. "अहो सर, असू द्या, शिपाई पुसतील," म्हणत बाई धावल्या. सरांनी हातानेच नको म्हटलं आणि पुसायला लागले. माझं यान गेलं, फिरतं पिंप गेलं, गाळण्या गेल्या. वरच्या ओळीपर्यंत त्यांचा हात पोचेना, ती तशीच राहिली. मला जाऊन पुसता आली असती. मी गेले नाही. मी त्यांचा ग्लास उचलला आणि ते पुसत होते तेवढ्या वेळात पूर्ण प्यायले. पाण्याला कसलीही चव नव्हती.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

घरी आले तर आई मेथी निवडत होती. तिने वर न बघताच विचारलं, "प्याले का?"

"नाही."

"सांगितलं होतंस?"

"सगळं सांगितलं. मग मी त्यांना फळा पुसायला लावला."

आईचा हात थांबला. तिने डोकं वर केलं. "पुसला?"

"पुसला."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाहीला खडू लागला का गं त्यांच्या?"

"सदरा पांढराच होता. जाकिटावर सांडला, निळ्या."

"मग दिसला असेल सगळ्यांना," आई म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.