उभा केलेला सक्करदऱ्याचा रस्ता

विशाखापट्टणमला समुद्र पाहायला जाताय? जा, जरूर जा. पण घरच्यांना खोटं सांगून नेऊ नका. सत्तरच्या दशकात, आम्ही नागपुरात इतवारीत राहायचो तेव्हा, आमच्या दादानं तो घोळ घातला होता.

तो मालवाहू जहाजावर लागला होता आणि आईला खोल पाण्याची भारी धास्ती. विहीर मोजतात तसं ती पाणी पुरुषांत मोजायची, म्हणजे एकावर एक किती माणसं बुडतील. दादानं पत्रात ठोकून दिलं, "आपल्या इतवारीच्या विहिरीएवढंच, सहा पुरुष." आई निर्धास्त झाली आणि मला घेऊन त्याला निरोप द्यायला निघाली.

विजयवाड्याला गाडी बदलावी लागायची. तिथे वेळ हाताशी ठेवा; आम्ही धापा टाकत डब्यात चढलो. दशम्या आणि लसणाची चटणी दोन दिवस पुरली, पुढे इडलीवर निभावलं. धर्मशाळा स्वस्त आणि स्वच्छ होती, पाणी तेवढं मचूळ.

बंदरावर दादा हसत समोर आला. आईनं त्याच्याकडे नाही, जहाजाकडे पाहिलं. खालून वर, परत वरून खाली.

"एवढं धूड सहा पुरुषांत तळाले टेकन नाही का गा?"

दादाचा चेहरा पडला. "ते काठाजवळचं वं आई. मधात लय खोल हाय. आपण इतवारीतून सक्करदऱ्याले पायी जातो ना, तो सारा रस्ता उभा केला, तर तेवढं."

"अन् उजेड?"

"आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत. पुढे अंधारच."

"मंग काहून खोटं लिहिलं?"

तो पाया पडला. आईनं तोंड फिरवलं. मला तिचा असा राग आला! पोरगा महिनोन्महिने पाण्यावर राहणार, आणि ही एक शब्द देत नव्हती. परतीच्या गाडीत मीही तिच्याशी अबोला धरला.

नागपुरात पोचल्यावर चौथ्या दिवशी, भर उन्हात, तिनं चपला घातल्या. "चाल सक्करदऱ्याले."

गल्लीच्या तोंडाशी ती क्षणभर थांबली, मागं वळून घराकडे पाहिलं, मग पदर डोक्यावर घेऊन चालत सुटली. सक्करदऱ्याच्या तलावाशी पोचेपर्यंत तिच्या पायांना फोड आले होते. मी म्हटलं, परत जाताना रिक्षा करू. तिनं ऐकलं नाही.

घरी येऊन तिनं पाय थंड पाण्यात सोडले आणि मला कागद घ्यायला लावला. आईला लिहिता येत नव्हतं.

"लिही वं त्याले. सारा रस्ता पायी चालून पाह्यला. लय लांब हाय. पण मी गेली तशी वापस आली. तू बी ये."