जपानी खुंट्यांना खोबरेल

ओमानातल्या अख्ख्या बरक्यात माझ्यासारखा सुतार नाही. बाकीच्यांनी बसवलेले दरवाजे बंद होतात.

तरी अर्बाबनं, म्हणजे आमच्या अरब मालकानं, एका जपानी बाईला माझ्याच दुकानात आणलं. बाई त्याची भाडेकरू. हातात लांब मानेचं वाद्य, तीन तारा, खाली चौकोनी डबा, त्यावर कातडं. शामिसेन म्हणतात त्याला. अर्बाब हिंदीत म्हणाला, "हिची आई जपानात असते, थकलीय. गुरुवारी तिचा वाढदिवस, फोनवर हे वाजवून दाखवायचंय. पण तार ताणली की खुंट्या उलट्या फिरतात. लहानपणी आईच पिळून द्यायची, हिला जमत नाही. तुला जमेल?"

"खलास!" मी म्हटलं. इकडं खलास म्हणजे झालंच समजा. "गुरुवारी सकाळी न्या."

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडं कडी अडली, खोबरेल. कान ठणकला, खोबरेल. एसीनं लाकूड सुकलं असणार असं मीच ठरवलं, तिन्ही खुंट्या काढल्या आणि पोटभर तेल पाजलं. आधी त्या हळूहळू सरकायच्या. आता गर्रकन फिरायला लागल्या.

मग कागदाची पट्टी कोंबली. तार सटकली ती सट्‌दिशी माझ्या गालावर. डोकं फिरलं माझं. वाद्याला शिव्या दिल्या, अर्बाबला दिल्या, अख्ख्या जपानला दिल्या. अरे, सुताराकडं लाकूड आणा, गाणं कशाला आणता! मोगरी उचलली, म्हटलं खुंटी ठोकून कायमचीच बसवतो. तेवढ्यात डोक्यात आलं, मग पिळणार कशी? ह्याचाही राग आला. त्या रागात कपाटाची फळी दोन बोटं आखूड कापली.

गुरुवारी बाई आली. तार ताणली, खुंटी फिरली. दुसरी ताणली, तीही फिरली. अर्बाब लाल झाला. "खलास म्हणालास ना? काय खलास केलंस?" बाई ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती आपली परत परत तार ताणत राहिली. तिकडं आई वाट बघत होती. शेवटी तिथंच, माझ्या भुशात उभं राहून तिनं फोन लावला.

फोनवर म्हातारी दिसली. एवढीशी, पण नजर करवतीसारखी. खुंटी जवळून बघितली न् कायतरी बोलली. बाईनं वाद्याच्या पिशवीचा कप्पा चाचपला. रिकामा.

अर्बाबनं विचारलं, "आईनं त्यात खडू ठेवला होता म्हणते. खुंटीला लावायचा. कुठंय?"

सगळे माझ्या कानाकडं बघायला लागले. कानावर खडू होता. पिशवीत सापडला तेव्हा मला वाटलं, कुणा पोराचा राहिला असेल. शाळेचं तोंड बघितलं नाही, म्हणून खडू हातात आला की मी मास्तर होतो. दोन दिवस फळ्यांवर रेघा मारत होतो. उरला होता अर्ध्या करंगळीएवढा.

म्हातारी सांगत गेली, बाई करत गेली. तेल पुसलं, खडू घासला, खुंटी आत दाबत फिरवली. तार ताणली. थांबली! तिन्ही थांबल्या. बाई वाजवायला लागली तशी म्हातारी डोळे मिटून मान हलवायला लागली. दुकानातल्या पॉलिशवाल्यानंही मशीन बंद केलं.

वाजवून झाल्यावर म्हातारीनं माझ्याकडं बोट दाखवलं आणि कायतरी बोलली. मी शर्टावरचा भुसा झटकला, ताठ उभा राहिलो. बाई हसू दाबत अर्बाबला इंग्रजीत सांगायला लागली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

अर्बाब म्हणाला, "म्हणते, ह्या माणसाला परत हात लावू देऊ नको."